पोत

मडावी मॅडमनं बोथट पात्यानं
कांडीच्या कोपराची कातडी हलकेच खरवडली,
काचेवर घेतली, वर तेलाचा थेंब,
आणि म्हणाल्या, या, पाहा.
मी एक डोळा मिटून पाहिलं:
आठ पायांचं काहीतरी
सावकाश, घरात असल्यासारखं चालत होतं.

सेमिनरी हिल्सवरून गोळीबार चौकापर्यंत
ती स्कूटीवर माझ्या पायांत उभी,
अंगावर केस कमी, खपल्या जास्त.
सिग्नलला शेजारच्या बाईनं
ओढणी आवरून घेतली.

गल्लीत औषधांना तोटा नव्हता.
हेडाऊ म्हणाला, गॅरेजातून जळकं ऑइल आणून देतो,
चोपड, दोन दिवसांत साफ.
कोणी गंधक सांगितलं, कोणी फिनेल,
एकीनं दुरूनच: सोडून ये गोरेवाड्याकडं.
तेव्हा बाबा,
माग विकल्यापासून ज्यांनी
भाजीत मीठ नाही एवढंही सांगितलं नव्हतं,
ओट्यावरून बोलले,
"रेशमावर डांबर ओततं का बे कोणी?"

मग मॅडमनं वजन करून दिलेली गोळी,
तिच्या तारखांना कॅलेंडरवर गोल.
आठवड्यातून एकदाच अंघोळ, कोमट पाणी,
औषधी शाम्पू दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा.
दहा मिनिटं म्हणजे किती, हे
ओलं कुत्रं कवेत धरल्याशिवाय कळत नाही.
मी पाढे म्हटले.
एकोणतीसवर अडले, तिनं अंग झटकलं,
फेस थेट तुळशीवर.

पंजाच्या बेचक्या, कानाच्या घड्या,
ओल कुठं दडून बसते
ते बाबांना माझ्याआधी कळलं.
"सूत ओलं ठेवलं का बुरशी धरते,"
म्हणाले, आणि टॉवेल माझ्या हातातून घेतला.

खपल्या गळाल्या. पाठीवर लव दिसू लागली,
आणि माळ्यावरून कुंचा खाली आला.
पांजणीचा, आजोबांच्या हातचा,
अजून खळीचा वास धरून असलेला.
मी म्हटलं, बाबा, कुत्र्याचा ब्रश मिळतो,
दीडशेत.
त्यांनी ऐकलं नाही.
आधी स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहिला,
मग तिच्या मानेपासून शेपटीकडं,
केस पडतात त्या अंगानं,
दाब नाही, नुसती ओढ.
शेवटी उलट्या बाजूनं एक फुंकर.
मुळाशी गोचीड दिसली
की सदऱ्याच्या खिशातला चिमटा,
ज्यानं ते साडीतली कसर वेचायचे,
अगदी कातडीलगत, पीळ न देता, सरळ.
टप्प. साबणाच्या पाण्यात.

आता तिच्या भातावर चमचाभर जवसाचं तेल असतं,
उकडलेलं अंडंही, सोलून.
मला कधी कोणी अंडं सोलून दिल्याचं
आठवत नाही. असो.

मे लागला. पारा सेहेचाळीस.
गल्ली म्हणाली, भादरून टाका बिचारीला.
मॅडम म्हणाल्या, नको, केस म्हणजे तिची सावली.
बाबांनी कूलरला नवी खस भरली,
कोणासाठी ते सांगितलं नाही.

कधी दुपारी ते डोळे मिटून
तिच्या पाठीवर दोन बोटं ठेवतात,
अंगठ्यानं केस चोळून बघतात,
व्यापारी चोळायचे तसे नाही,
विणणारा चोळतो तसे.
"साठचं सूत होतं," म्हणतात,
"ऐंशीचं झालं."

डाव्या कानामागं रुपयाएवढी जागा
उघडीच राहिली.
मी मलम आणलं, दुसरं आणलं.
मॅडम म्हणाल्या, तिथं मुळंच गेली, आता नाही यायचे.
बाबांना सांगितलं तर म्हणाले,
तुटल्या धाग्याची गाठ असते ती.
दिसते. दिसू दे.

आणि घरभर केस.
उशीवर, आकाशवाणीच्या जुन्या डब्यावर,
कूलरच्या वाऱ्यात तरंगणारे, तांबूस.
आज वरणात एक निघाला, चांगला लांब.
उजेडात धरून पाहिला,
ताटाच्या कडेला ठेवला,
आणि जेवले.